बाबांना आमचे चेहरे दिसावेत म्हणून टीव्हीवर व्हिडिओ कॉल करायचाय, कसं जमवावं?

रानजाई:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण पूर्ण परिस्थिती सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही असं वाटतं.

माझ्या बाबांना दोन्ही डोळ्यांत मॅक्युलर डिजनरेशन आहे. नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचं बऱ्यापैकी दिसतं. घरात कुठेही न अडखळता फिरतात, जमिनीवर पडलेली टाचणीसुद्धा कधीकधी दिसते, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. मी फोनवर व्हिडिओ कॉल केला की म्हणतात, "आवाज तुझा आहे, म्हणजे तूच असणार." हे ऐकलं की पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

आई-बाबा दोघंच राहतात. मी एका गावी, धाकटा भाऊ दुसऱ्या. घरात ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे, वायफाय आहे. म्हटलं मोठ्या पडद्यावर दिसेल, म्हणून मागच्या वेळी गेले तेव्हा आईच्या फोनचा पडदा टीव्हीवर कसा टाकायचा ते तिला शिकवून आले. आईनं ते पटकन आत्मसात केलं. पण त्यात बरीच गडबड आहे. टीव्हीच्या मधोमध एक उभी पट्टी दिसते आणि दोन्ही बाजूंना काळं. आवाज टीव्हीतून येतच नाही, फोनमधूनच येतो. कॅमेरा तर आईच्या हातातल्या फोनचाच, त्यामुळे आम्हाला बाबांचा कान किंवा छताचा पंखा दिसतो आणि आईचा हात दुखून येतो. आणि बाबा म्हणतात, "फोनवर होतं त्याहून लहान दिसतंय." मला ते पटलं नाही, एवढा मोठा पडदा आहे.

तर टीव्हीवर कॉल नीट कसा करायचा? टीव्हीला लावायचा कॅमेरा मिळतो का, तो सगळ्या टीव्हींना चालतो का? घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे, त्याचा काही उपयोग? आई बहात्तरची आहे. शिकते सगळं, पण रोज नवीन काही दाबायला लागलं तर कंटाळेल.

---

चौकट:

रानजाई, लॅपटॉप आहे म्हणता ना, मग अर्धं काम झालं. तो एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडा आणि टीव्हीच्या वर एक यूएसबी वेबकॅम बसवा. टीव्हीच्याच यूएसबीला वेबकॅम लावायच्या फंदात पडू नका. बहुतेक टीव्ही कुठलाही कॅमेरा ओळखत नाहीत. ज्यांना चालतो त्यांना सहसा ठरावीक कॅमेराच लागतो आणि ठरावीक ॲपच चालतं. टीव्हीतल्या ब्राउझरमध्ये मीटिंगची लिंक उघडली तरी कॅमेरा मिळत नाही, तेव्हा तोही रस्ता बंद.

टीव्हीतल्या ॲपवर विसंबू नये याचं आणखी एक कारण आहे. २०१० साली स्काइप काही टीव्हींमध्ये आलं तेव्हा वाटलं होतं की आता घरोघरी हेच होणार. २०१६ मध्ये टीव्हीवरच्या स्काइपचा आधार काढून घेतला, आणि मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झालं. टीव्हीला लावायचं फेसबुकचं पोर्टल टीव्ही नावाचं यंत्र २०१९ मध्ये आलं. कॅमेरा आपोआप माणसामागे फिरल्यासारखा वाटायचा, व्हॉट्सॲप कॉलही व्हायचा, वस्तू खरंच चांगली होती. २०२२ मध्ये कंपनीनं घरगुती ग्राहकांसाठी ते बनवणं थांबवलं. टीव्ही दहा वर्षं चालतो, त्यातलं ॲप तेवढं चालेलच असं नाही. लॅपटॉप, कॅमेरा, केबल असे सुटे भाग असले की एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

फोनचा पडदा टीव्हीवर टाकल्यावर आवाज फोनमध्येच राहतो त्यात आईंची काही चूक नाही. ॲन्ड्रॉइडमध्ये गाणी किंवा व्हिडिओचा आवाज टीव्हीकडे जातो, कॉलचा आवाज वेगळ्या वाटेनं जातो आणि तो सहसा पुढे पाठवला जात नाही. सेटिंगमध्ये शोधत बसू नका. आणखी एक, फोनचा पडदा टीव्हीवर असताना येणारे सगळे मेसेज, बँकेचे ओटीपी, सगळं खोलीत बसलेल्यांना दिसतं.

---

ओंजळ:

रानजाई, तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले. माझ्या सासूबाईंना हाच आजार आहे आणि त्यांच्यासाठी मी हे सगळं घरी बसवलंय. जोडणी कशी करायची ते चौकट यांनी सांगितलंच आहे, लॅपटॉपचा मार्ग बरोबर आहे. मला डोळ्यांबद्दल सांगायचंय, कारण तुमचे बाबा जे म्हणाले ते अगदी खरं आहे.

चित्र किती मोठं दिसतं ते पडद्याच्या मापावर जेवढं ठरतं तेवढंच आपण किती लांब बसतो त्यावरही ठरतं. टेप घेऊन मोजा. फोनवर तुमचा चेहरा साधारण ७ सेंटिमीटर उंच दिसतो आणि बाबा फोन डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरतात. ७ भागिले ४०, म्हणजे एका मीटर अंतरावर साडेसतरा सेंटिमीटरचा चेहरा असावा तसा. आता टीव्ही. ४३ इंची पडद्याची उंची ५३ सेंटिमीटर. त्यात उभा फोन पूर्ण बसवला की चित्र साडेतीन पट होतं, चेहरा २५ सेंटिमीटर. पण सोफा असतो अडीच मीटरवर. हिशेब केला तर मीटरमागे १० सेंटिमीटर. फोनवर साडेसतरा होतं, इथे दहा. बाबांना लहान दिसणारच.

आता लॅपटॉप लावलात आणि चित्र आडवं, पडदाभर आलं, चेहरा ३५ सेंटिमीटर झाला असं धरा. त्याच सोफ्यावरून मीटरमागे १४. अजूनही हातातल्या फोनपेक्षा कमीच! म्हणजे नवा कॅमेरा, केबल, सगळा खर्च करूनही बाबा म्हणतील काही फरक नाही, आणि घरातले म्हणतील यांना काही दाखवूनच उपयोग नाही. तसं होऊ देऊ नका. सोफा तिथेच राहू दे, बाबांसाठी पाठ असलेली एक खुर्ची टीव्हीपासून सव्वा मीटरवर ठेवा. अंतर निम्मं झालं की आकडा २८ वर जातो. आमच्याकडे खरा फरक खुर्चीनं पडला. सासूबाईंनी नातवाच्या हनुवटीवरची नवी दाढी ओळखली आणि "हे कधीपासून?" म्हणून दरडावलं त्याला. जवळून टीव्ही पाहिल्यानं उरलेली नजर जात नाही, हे आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. घरातले उगाच खुर्ची मागे ओढत राहतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

खुर्ची जवळ आणल्यानं तुमच्या बाजूनंही चित्र सुधारतं. साध्या वेबकॅममध्ये अडीच मीटरवर साडेतीन मीटर रुंदीचं सगळं येतं, सोफा, कपाट, दार, सगळं. १२८० पिक्सेल रुंद चित्रात त्यातून एका चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम ५५ पिक्सेल. सव्वा मीटरवर तेच दुप्पट होतात आणि तरी आई-बाबा दोघं शेजारी शेजारी मावतात.

आता तुमच्या आणि भावाच्या हातात जे आहे ते. तुम्ही फोन उभा धरलात तर लॅपटॉप कितीही चांगला असला तरी टीव्हीवर उभी पट्टीच दिसणार. फोन आडवा करून कशाला तरी टेकवा, किंवा लॅपटॉपवरून बोला. चेहरा चौकटीत मोठा ठेवा, डोक्याच्या वर भिंत दाखवायची गरज नाही. उजेड समोरून पडू दे, पाठीमागे खिडकी नको. आणि मागची भिंत व तुमचे कपडे यांच्यात रंगाचा ठळक फरक असू द्या. ज्यांची मधली नजर गेली त्यांना बारकाव्यांपेक्षा फरकावरून जास्त कळतं. माझी नणंद आता कॉलच्या आधी गडद रंगाची ओढणी मागच्या फिकट खुर्चीवर टाकते, तेवढ्यानं तिच्या चेहऱ्याची कड सासूबाईंना सापडते. तुम्ही दोघं भावंडं एकाच वेळी कॉलवर आलात तर पडदा विभागला जातो आणि दोघांचेही चेहरे निम्मे होतात. तेव्हा बोलणाऱ्याचं चित्र मोठं करायची सोय वापरा, किंवा सरळ एकेकानं बोला. आम्ही एकेकानंच बोलतो. सासूबाईंना चार चौकटींचा कॉल नकोसा होतो.

एक गोष्ट तुम्हाला आधी माहीत असली पाहिजे, नाहीतर मनाला लागेल. बाबा तुमच्याकडे बघणार नाहीत. ते पडद्याच्या कडेला, कदाचित तुमच्या खांद्याच्या वर कुठेतरी बघताना दिसतील. मधल्या भागात दिसत नाही म्हणून ते नजर बाजूला नेतात आणि उरलेल्या कडेच्या दृष्टीत तुमचा चेहरा आणतात. ज्या क्षणी ते दुसरीकडे बघतायत असं वाटेल त्याच क्षणी ते तुम्हाला सर्वांत नीट बघत असतील. त्यांना "इकडे बघा ना बाबा" म्हणू नका. आमच्या घरात हे सगळ्यांना, अगदी लहान मुलांनाही, समजावून सांगितलंय. कोणत्या बाजूला बघितल्यावर जास्त दिसतं ते बाबांना विचारा. लो व्हिजनचे तज्ज्ञ याचा सराव करून घेतात, अजून गेला नसाल तर जरूर जा.

आणि टीव्हीशी संबंध नसलेलं एक, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दाराची चौकट, फरशीच्या रेघा अचानक वाकड्या दिसायला लागल्या असं बाबा म्हणाले तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

---

रानजाई:

ओंजळ, तुमचं वाचून मी टेप घेऊन बसले खरंच. तुम्ही म्हणता तसंच येतंय. आणि ते खांद्याच्या वर बघण्याचं... ते असं करतात. मला वाटायचं त्यांचं लक्ष नाही. आज भावालाही वाचून दाखवलं.

चौकट, धन्यवाद, फोनच्या आवाजाचं कोडं सुटलं.

लॅपटॉप भावाने काल चालू करून बघितला. एचडीएमआय आहे, विन्डोज आहे, व्हॉट्सॲप टाकलं. टीव्हीवर चित्र आलं. पण आता नवीन अडचण. भावाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, क्षणभरानंतर, आणि आई म्हणते तुझे ओठ आणि शब्द जुळत नाहीत. बाबांना ऐकायलाही थोडं कमी येतं, त्यामुळे टीव्हीचा आवाज मोठा ठेवावा लागतो. आणि कॉल आला हे आईला कळणार कसं? टीव्ही बंद असेल तर लॅपटॉपची रिंग ऐकूच येत नाही.

---

तारयंत्र:

आवाजाचं मी सांगतो, माझं रोजचं काम तेच आहे.

पहिलं लक्षात ठेवा: ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो त्याच्या बाजूला काही बिघडलेलं नसतं, दोष समोरच्या बाजूला असतो. भावाचा आवाज टीव्हीतून बाहेर पडतो, खोलीत घुमतो, माइकमध्ये शिरतो आणि परत भावाकडे जातो. कॉलच्या ॲपमध्ये हा परत आलेला आवाज ओळखून कापायची सोय असते. पण तिला आवाज बाहेर पडल्यापासून माइकमध्ये येईपर्यंतचा वेळ बऱ्यापैकी थोडा आणि ठरावीक लागतो. टीव्ही मात्र चित्र सुंदर करण्याच्या नादात आवाज आणि चित्र दोन्ही थांबवून ठेवतो. वर आवाज मोठा. मग कापणं जमत नाही.

म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या एचडीएमआयसाठी गेम मोड लावा. काही टीव्हींत त्याच जागी पीसी मोड असतो. नाव खेळाचं असलं तरी काम एकच, चित्रावरची प्रक्रिया कमी करून ते लवकर दाखवणं. ओठ आणि शब्दांतला फरक बराचसा याच एका बदलानं जाईल. त्याबरोबर 'सराउंड', 'थिएटर' असली जी काही आवाजाची सजावट असेल ती बंद करा.

दुसरं, आणि तुमच्या बाबांसाठी हेच जास्त महत्त्वाचं. टीव्हीचा आवाज मोठा करू नका, आवाज बाबांजवळ आणा. कॉन्फरन्स कॉलसाठी स्पीकर आणि माइक एकत्र असलेली चपटी, गोल डबी मिळते, यूएसबीची. ती लॅपटॉपला लावून बाबांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवा आणि कॉलच्या ॲपमध्ये माइक व स्पीकर दोन्ही ठिकाणी तीच निवडा. स्पीकर आणि माइक एकाच डबीत असल्यानं प्रतिध्वनी कापणं सोपं जातं. आवाज दोन हातांवरून येतो, म्हणून हळू असला तरी पुरतो. बाबांचा आवाजही तुम्हाला स्वच्छ येईल, खोलीच्या पलीकडून ओरडल्यासारखा नाही. टीव्हीचा आवाज शून्यावर. विन्डोजमध्ये निवडलं म्हणजे झालं असं समजू नका, ॲपची स्वतःची निवड वेगळी असते, ती तपासा.

ब्लूटूथ टाळा. ब्लूटूथ स्पीकर सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशीर करतो. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं म्हटलंय, कारण त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. त्यातला बराचसा इंटरनेटच खातं. उरलेलं स्पीकरला देऊन टाकलंत तर बाबा बोलायला सुरुवात करतील तेव्हाच तुम्ही बोलत असाल, आणि कमी ऐकू येणारा माणूस अशा वेळी गप्प बसतो.

केबलींचं: यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरपर्यंत भरवशाची, त्यापुढे नाही. वायफाय टीव्हीच्या मागे कमकुवत असेल तर लॅपटॉपला राउटरपासून नेटवर्क केबल ओढा. आणि वेग मोजताना अपलोड बघा. डाउनलोड भरपूर असतो, पण बाबांचं चित्र तुमच्याकडे येतं ते अपलोडमधून. चांगल्या ७२० पी चित्राला साधारण सव्वा एमबीपीएस दोन्ही बाजूंनी लागतं, फार नाही, पण ते सतत मिळायला हवं.

---

पाणंद:

कॉल आल्याचं कळण्याबद्दल. काही ॲपमध्ये ठरावीक माणसाचा कॉल आपोआप उचलायची सोय आहे. लॅपटॉप कायम चालू ठेवा, टीव्ही लावला की तुम्ही समोर. माझ्या आत्याकडे तसंच करायचा विचार चालू आहे, तिला काही दाबायलाच नको.

---

ओंजळ:

पाणंद, एकट्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ते वरदान आहे, मान्य. पण त्याच माणसाला विचारून, त्याची संमती घेऊन. इथे आई धडधाकट आहेत, शिकायला तयार आहेत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत मुलांनी वाटेल तेव्हा डोकावायची सोय करून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. कॉल घ्यायचा की नाही हे त्यांनी ठरवावं. घरातल्या मोठ्यांसाठी काही बसवताना हे फार पटकन सुटून जातं, म्हणून जरा ठामपणे लिहितेय. कॅमेऱ्याला सरकतं झाकण असलेला घ्या, आणि झाकण उघडायचं काम आईंचं.

रानजाई, रिंगची काळजी सोपी आहे. आधी आईंच्या फोनवर नेहमीचा साधा फोन करा. "टीव्ही लाव, पाच मिनिटांत येते" एवढंच. त्यांनाही बाबांना खुर्चीत बसवायला, चष्मा शोधायला वेळ मिळतो. अचानक वाजणाऱ्या व्हिडिओ कॉलची धावपळ बाबांच्या नजरेच्या माणसाला त्रासाची होते.

रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' लिहिलेलं बटण असतं, त्यावर फर्निचरच्या पायाखाली लावतात तसला लहान फुगीर ठिपका चिकटवा. आमच्याकडे एचडीएमआयच्या त्या जागेचं नावही टीव्हीच्या सेटिंगमध्ये बदलून "घर" केलंय. लॅपटॉपवर विन्डोज आणि पी ही दोन बटणं एकत्र दाबून फक्त दुसरा पडदा निवडा, म्हणजे चित्र टीव्हीच्या मापात बसतं. झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपू नये असंही सेटिंग करून घ्या. मग तो टीव्हीखाली बंद झाकणानं ठेवता येतो, बाहेर फक्त बिनतारी माउस. माउसचा बाण मोठ्यात मोठा आणि काळा करा. आईंनी एवढंच करायचं: टीव्ही लावा, ठिपक्याचं बटण, कॅमेऱ्याचं झाकण, आणि हिरव्या बटणावर क्लिक.

लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप आईंच्या फोनशी जोडलेलं असतं. फोन १४ दिवसांहून जास्त वापरलाच नाही तर जोडणी तुटते. रोज फोन वापरत असतील तर प्रश्न नाही. झूमवर जाणार असाल तर फुकट खात्यात ४० मिनिटांनी कॉल तुटतो. बाबांचं वाक्य अर्धं असताना ते झालं तर बरं वाटणार नाही, म्हणून सांगितलं.

---

चौकट:

ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांच्यासाठी एक भर. ॲपल टीव्ही ४के ची दुसऱ्या पिढीची किंवा त्यानंतरची डबी असेल तर २०२३ पासून त्यावर फेसटाइम, म्हणजे ॲपलचं व्हिडिओ कॉलचं ॲप, चालतं. आयफोन टीव्हीखाली टेकवायचा, त्याचा मागचा कॅमेरा वापरला जातो आणि माणूस हलला तर चौकट त्याच्याबरोबर सरकते. आयफोन एक्सआर किंवा नंतरचा लागतो. वेबकॅम, लॅपटॉप काही नको. रानजाईंच्या आईकडे ॲन्ड्रॉइड दिसतोय, पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

---

रानजाई:

खूप खूप आभार सगळ्यांचे. गेम मोड भावाने लावला, ओठ-शब्द आता जवळजवळ जुळतात. गोल डबी मागवलीय. आपोआप उचलण्याचं आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी केस विंचरून बसणार, मग तुम्ही या." तेव्हा तो विषय संपला. खुर्ची सव्वा मीटरवर आली आहे, बाबांनीच टेप धरला.

आता एक शेवटचं. खुर्ची एवढी जवळ घेतल्यावर कॅमेरा टीव्हीच्या डोक्यावर असल्यानं बाबांचं कपाळ आणि टक्कलच जास्त दिसतं. आणि त्यांच्या पाठीमागे गॅलरीचं दार आहे, दुपारी चेहरा काळा येतो. कॅमेरा खाली ठेवू का?

---

ओंजळ:

खाली ठेवलात तर हनुवटी आणि नाकपुड्या दिसतील, आणि बाबांच्या नजरेआड केबल येईल. त्यापेक्षा कॅमेरा टीव्हीच्या बाजूला, पडद्याच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या उंचीवर, छोट्या तिपाईवर किंवा भिंतीच्या फळीवर ठेवा. कुठल्या बाजूला ते बाबांच्या नजरेवरून ठरवा. ते पडद्याच्या डावीकडे नजर नेऊन बघत असतील तर कॅमेरा डावीकडे. मग ते तुम्हाला बघत असताना तुम्हालाही ते आपल्याकडेच बघतायत असं दिसेल. आम्ही हेच केलंय आणि नणंद पहिल्यांदा काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली.

गॅलरीच्या दाराला जाड पडदा लावा. त्यानं दोन कामं होतात, तुमच्याकडे चेहरा काळा येत नाही आणि बाबांना टीव्हीच्या काचेवर दाराचं प्रतिबिंब दिसत नाही. झगझगाट या आजारात फार त्रास देतो, असलेली नजरही त्यात बुडते. दिवा हवाच, पण तो टीव्हीच्या बाजूला, बाबांच्या चेहऱ्यावर तिरपा पडेल असा, शेड असलेला, म्हणजे डोळ्यांत जाणार नाही. टीव्हीचा ब्राइटनेस पूर्ण वर नेऊ नका. कॉन्ट्रास्ट वाढवा, आणि किती वाढवायचा ते बाबांना समोर बसवून, तुम्ही कॉलवर असताना, आईंनी रिमोट हातात घेऊन ठरवा.

कॅमेऱ्याची यूएसबी केबल जमिनीवरून नेऊ नका, भिंतीला चिकटपट्टीनं लावा. बाबांना खालचं दिसतं म्हणालात, तरी उठताना पाय अडकायला नको.

डबी आली आणि काही अडलं तर इथेच लिहा, तारयंत्र आहेत, मी आहे.